वरून सहासष्ट, वहीत सत्तर

ए मित्रा, थांब जरा, कुठे पळतोस? आज सकाळी इथे जे झालंय ना, ते सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. ऐकच.

मी मोजणीचं चाक बोलतोय. लांब दांडा, खाली रबरी चाक, बाजूला आकडे दाखवणारी डबी. मला धरून चालत सुटायचं. डबीत एकेक फूट वाढत जातो, माझा एक फेरा झाला की चार फूट. बस, एवढंच काम, पण मी ते जीव ओतून करतो.

मी मूळचा शहरातला. इंडियानापोलिसच्या एका हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला होतो, बाहेर दिवसभर गाड्या, गडबड, मजा. तिथून व्हर्न हॉफस्टेटरनं मला उचललं आणि या मक्याच्या शेतांत, त्याच्या पार्कमध्ये आणून टाकलं. पार्क म्हणजे झाडं-झोपाळे नाहीत हं. ट्रकमागे ओढून आणलेली लांबोडकी तयार घरं, आणि प्रत्येक घराखाली भाड्याचा प्लॉट. असे चाळीस प्लॉट, सगळे मी मोजलेले. नवीन घर फाटकातून आत आलं की व्हर्न आधी मला त्याच्या कडेनं फिरवायचा. सत्तर फूट. लगेच वहीत सत्तर. माझ्या शब्दाबाहेर नव्हता तो.

व्हर्न गेला, पार्क त्याची बायको डार्लीन बघू लागली, आणि मी शेडमध्ये खिळ्याला. तेही चाललं असतं रे. पण मागच्या आठवड्यात तिची मुलगी केंड्रा आली आणि सोबत तो आला. ड्रोन.

काय त्याचा थाट! स्वतःची पेटी, आतून मऊ मऊ गादी. गाडीत पुढच्या सीटवर बसतो. वीस मिनिटं उडला की दमला, लगेच चार्जिंगला. आणि तो वर गेला की अख्खा पार्क दारात येतो, माना वर. सतरा नंबरमधली ओपल रेनफ्रो, एक्क्याऐंशी वर्षांची बाई, तिनं तर त्याला हात केला. मला केलाय कुणी कधी?

त्याला आणलं होतं एका हिशेबासाठी. डार्लीनला मागच्या कुंपणालगत नवीन प्लॉट पाडायचे होते. गटाराची लाईन, रस्ता, विजेची जोडणी, याचा खर्च पाच प्लॉट पाडले काय नि सहा पाडले काय, जवळपास तेवढाच. पाचात तो निघत नव्हता, सहात निघत होता. पण सत्तर फुटी सहा घरं एकामागे एक मांडली, मध्ये नियमाचं अंतर सोडलं, की शेवटचं घर वीस फूट ओपलच्या घरात घुसत होतं. म्हणजे ओपलचं घर हलवायला हवं. आणि ते इतकं जुनं, की ओढायला गेलं तर फाटकापर्यंतसुद्धा शाबूत पोचणार नाही. हे डार्लीनला माहीत होतं. ओपललाही.

आज सकाळी केंड्रा स्क्रीन घेऊन आली. ड्रोनला वरून सगळी घरं सहासष्ट फूट दिसत होती. म्हणाली, नवी घरंही याच मापाची, सहा घरांत चोवीस फूट वाचले, मॉम, कुणालाच हलवायला नको.

"तुझं खेळणं चुकतंय," डार्लीन म्हणाली. "घर विकतानाच सत्तरचं म्हणून विकतात. तुझ्या डॅडच्या वहीत सत्तर आहे. ते चाक कधी खोटं बोललं नाही."

माझ्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या! ऐक रे उडत्या, म्हटलं. केंड्रा म्हणाली, मग मोजूनच बघू. मला खिळ्यावरून काढलं आणि थेट ओपलच्या घराच्या कोपऱ्याला टेकवलं. ओपल पायरीवर, झाडांना पाणी घालायचा डबा रिकामाच हातात धरून.

डार्लीन चालू लागली. निम्म्यावर आलो, घराचं पुढचं टोक दिसलं, तिथे दांडीच नाही, आणि मला कळलं. व्हर्न मोजायचा ते घर आलं त्या दिवशी, पुढची ओढायची दांडी लावलेली असताना. ती चार फुटांची. विकणारेही ती धरूनच सांगतात. म्हणजे बरोबर तो उडाणटप्पू होता!

आता ऐक. माझ्या डबीचा एक दात झिजलाय. वाटेत खडा आला की मी उचकी देतो, एक फेरा फुकटचा मोजला जातो. चार फूट. सत्तर. आणि खडा होता रे, समोरच होता. मी जिंकलो असतो. ओपलचं घर गेलं असतं.

उचकी गिळून मी गप त्याच्यावरून गेलो.

डार्लीननं डबी पाहिली. सहासष्ट. पुन्हा पाहिली. "चार फूट गेले कुठे? ती ओढायची दांडी?" ती पुटपुटली.

"दांडी होय?" ओपल म्हणाली. "ती तर व्हर्ननंच काढून घराखाली सरकवली. माझ्या कुंड्या आहेत तिच्यावर."

डार्लीन तिच्याशेजारी पायरीवर बसली. वाकून तिनं कुंड्यांखालची दांडी बघितली. मग म्हणाली, "दांड्या काढून त्या माणसानं चाळीस जणांना चार-चार फूट जागा फुकट दिली, ओपल. तुमचे सगळ्यांचे टोमॅटो त्यातच लागलेत." आणि दोघी डोळे पुसत हसत सुटल्या.

ड्रोनला केंड्रानं पुसून गादीवर ठेवलं, वर शाबासकी. मला भिंतीला टेकवून सगळे कॉफी प्यायला आत गेले. ओपल वाचली, खरंच बरं वाटलं, शप्पथ. पण त्याचं नाव झालं, माझं तेवीस वर्षांचं सत्तर चुकीचं निघालं, आणि त्या खड्याबद्दल कुणाला कधी कळणारही नाही. अजून जळतंय रे आत. तू सांग, माझ्या जागी असतास तर तू गप गेला असतास?