तुबलीच्या मैदानावरची मोजणी

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे. दुकानातला नव्हे, हातात धरून माणसं मोजायचा. मुठीत मावेल एवढा, गोल, लोखंडी. वर एक बटण आहे. ते दाबलं की टिक असा आवाज होतो आणि आतला आकडा एकने पुढे जातो. मला एवढंच येतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. खोक्यात बसून मी बहारीनला आलो. मनामातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात बरेच दिवस पडून होतो. मग तुबलीच्या एका क्लबने मला विकत घेतलं आणि गोपीनाथच्या हातात दिलं. गोपीनाथ चिपळूणकडचा. आठवडाभर एका कंपनीत इलेक्ट्रिशियनचं काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी क्लबच्या गेटवर बसायचा.

आमच्या मैदानावर तीन खेळ चालतात आणि तिन्हींनाही फुटबॉलच म्हणतात. एक गोल चेंडूचा नेहमीचा फुटबॉल, तो सलमाबादच्या कॅम्पमधले कामगार खेळतात. दुसरा रग्बी, त्यात लांबट चेंडू पोटाशी धरून पळतात. तिसरा आयरिश लोकांचा, त्यात हात आणि पाय दोन्ही चालतात. कोणता खेळ बघायला किती माणसं आली, हे मी सांगायचं.

गोपीनाथ मन लावून मोजायचा. कडेवरच्या बाळालाही एक टिक द्यायचा. गाडीतून पाणी आणायला बाहेर जाऊन परत आलेल्याला मात्र दुसऱ्यांदा धरायचा नाही. "काकांचा आकडा म्हणजे पक्का," असं क्लबमध्ये म्हणत. तेव्हा मी नवा होतो. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, त्याची बायको सुमनबाई चहा घेऊन यायची. ती गेटच्या आत कधी आली नाही. जाळीबाहेर कामगारांची बस उभी असायची, तिच्या पायरीवर बसून ती मॅच बघायची. बसचा ड्रायव्हर वली महाडचा, तिला वहिनी म्हणायचा.

"अगं, आत ये ना. खुर्ची रिकामी आहे," गोपीनाथ म्हणायचा.

"नको. आत आले की तुम्ही मला पण टिक करणार. मी इथंच बरी."

"मग काय झालं?"

"काय नाही. बघा तिकडं, तुमचा माणूस न मोजताच आत घुसला."

रग्बी बघताना ती वलीला विचारायची, "भाऊजी, हे खेळतात की भांडतात?" वली म्हणायचा, "वहिनी, पगारी भांडण नाय ते. हौशी हाय." मग दोघं हसायची.

मागच्या थंडीत सुमनबाई आजारी पडली आणि गेली. गोपीनाथ रजा घेऊन गावी जाऊन आला. आल्यावर तो पुन्हा गेटवर बसला. चहा आता कोपऱ्यावरच्या दुकानातून कागदी कपात यायचा आणि निम्मा तसाच राहायचा. माझं बटण तो पूर्वीसारखंच दाबायचा, पण अंगठ्यात जोर नव्हता. कधी कधी मला वाटायचं, त्याला झोप लागली आहे. झोप नसायची.

त्यातच क्लबने ठरवलं की दिव्यांखालची संध्याकाळ एकाच खेळाला द्यायची, शुक्रवारची. बाकीच्यांनी शनिवारी दुपारी खेळायचं. आधी महिनाभर दर शुक्रवारी तिन्ही खेळांचे प्रेक्षक मोजायचे आणि ज्याला प्रेक्षक जास्त त्याला शुक्रवार. कामगारांना शनिवारी कामावर जावं लागतं. शुक्रवार गेला तर त्यांचा खेळच खलास.

मोजणी सुरू झाली. रग्बीवाले कुटुंबासकट येत, गेटमधून रांगेने येत. आयरिशही तसेच. कामगारांच्या मॅचला मात्र गेटमधून थोडेच लोक येत. बाकी सगळे जाळीबाहेर बसपाशी उभे राहत. रात्रपाळीसाठी साइटवरून फोन आला की वलीला बस लगेच न्यावी लागे. चुकली की सलमाबादपर्यंत उकाड्यात पायी. म्हणून कोणी बस सोडून आत येत नसे. ओरडायचे मात्र सगळ्यांपेक्षा जास्त. ते ओरडणं मला मोजता येत नाही.

शेवटच्या शुक्रवारी मॅचआधी क्लबच्या सेक्रेटरी अश्विनी मॅडम गेटवर आल्या.

"काका, सलमाबादवाले फार मागे आहेत हो."

"बाहेर उभे आहेत ते धरा ना, मॅडम."

"आत आले तरच प्रेक्षक. कमिटीचं तसंच ठरलंय. बाहेरचे धरले तर रस्त्यानं जाणारा पण धरावा लागेल."

 गोपीनाथ म्हणाला, "सुमन पाच वर्षं दर शुक्रवारी येत होती. तुमच्या हिशेबात ती एकदा पण आली नाही."

 मॅडम त्याच्याजवळची खुर्ची ओढून बसल्या आणि जरा वेळाने उठून गेल्या.

गोपीनाथ मला घेऊन जाळीपाशी गेला. "आत या रे सगळे. आज शेवटचा दिवस आहे."

नावेद नावाचा एक वेल्डर होता. तो म्हणाला, "काका, गाडी सुटली तर तुम्ही खांद्यावर घेऊन जाणार का?"

"वली, थांबशील ना थोडा?"

"माझ्या हातात काय हाय, गोपीभाऊ? फोन आला की यल्ला, निघायचंच."

"मग गाडीच आत आण."

"येडे झालात काय? क्लबवाले मला हाकलतील."

"मला हाकलतील. तू आण."

गोपीनाथने सामानाच्या गाड्यांचं मोठं फाटक उघडलं. बाहेरचे सगळे बसमध्ये चढले, बस हळूहळू आत आली आणि मैदानाच्या कडेला उभी राहिली. गोपीनाथ तिच्यात चढला आणि एकेका बाकाजवळ जाऊन मला दाबत गेला.

"काका, ड्रायव्हरला पण धरा," मागून नावेद ओरडला. "त्याचं पण तोंड मॅचकडंच असतं!"

वलीलाही टिक मिळाली. मी आयुष्यात इतका भरभर कधी फिरलो नव्हतो.

पण मित्रांनो, एक शुक्रवार सगळ्या महिन्याला पुरला नाही. कमिटीने चारही शुक्रवारांची सरासरी काढली. रग्बीवाले पहिले आले. शुक्रवार त्यांना गेला. रग्बीवाले वाईट नाहीत, तेही हौसेने येतात. गोपीनाथला कोणी हाकललं नाही. कोणी शाबासकीही दिली नाही.

पुढच्या शुक्रवारी रग्बीची मॅच होती. तरी वलीची बस आली. दुसरं जायला ठिकाण नव्हतं, म्हणून कामगार जाळीबाहेर उभे राहून रग्बी बघू लागले. गेटवरची मोजणी झाल्यावर गोपीनाथने माझा आकडा कागदावर उतरवला आणि मला शून्यावर आणलं. मग तो गेटबाहेर गेला. जाळीच्या कडेने चालत, उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला टिक देत गेला. कोणी सांगितलं नव्हतं.

परत येऊन त्याने अश्विनी मॅडमना दोन आकडे सांगितले.

"दुसरा कसला, काका?"

"बाहेरचा."

मॅडमनी क्षणभर जाळीकडे पाहिलं. "दर वेळी दोन्ही देत जा," त्या म्हणाल्या. "पुढच्या मीटिंगला दोन्ही ठेवते. निकाल बदलेल असं मी म्हणत नाही."

"बरं," गोपीनाथ म्हणाला.

आता मी थकलो आहे. इथल्या खारट हवेने माझ्या आत गंज धरला आहे आणि बटण मधेच अडकतं. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात असेल तर तिला तेलाचा एक थेंब द्या, फेकू नका. आणि मोठे झाल्यावर कधी माणसं मोजायला बसलात, तर तुमची खुर्ची थोडी दाराबाहेर ओढून बसा.