कंसातलं नाव

"हे अक्षर मला लागत नाही, सँडी. तुम्हीच वाचा," असं म्हणत रेविनने कागदांची चळत टेबलावरून पुढे सरकवली. सँडी पिरीने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता, पण तो न पुसता जुनं दप्तर वाचायचं म्हणजे त्याला हात न धुता पानावर बसल्यासारखं वाटे.

रेविन स्लेटर सकाळच्या बसने पोर्टगार्व्हीत उतरली होती. बासष्ट वर्षांची, न्यूझीलंडची, पायात दणकट बूट आणि डोक्यात एकच प्रश्न. तिचे आजोबा गिल्बर्ट स्लेटर १९१० साली हे गाव सोडून तिकडे गेले ते गेलेच. त्यांच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव होतं, मार्जरी स्लेटर. बापाची जागा कोरी. रेविनचे वडील गेल्या हिवाळ्यात वारले. ती जागा तेवढी भरून ये, असं ते लेकीला सांगून गेले होते. म्हणून ती आधी एडिनबरोला गेली, तिथल्या दप्तरखान्यातून पोर्टगार्व्हीच्या चर्चच्या पंचांच्या इतिवृत्ताच्या नकला काढून घेतल्या आणि मग इथे आली.

इथे म्हणजे मच्छीमारांच्या जुन्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर. दर गुरुवारी दोन ते चार ही खोली सँडी उघडून बसे. कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून माणसं आपापले पणजोबा धुंडाळत येत आणि सँडी ते काढून देई. एक्केचाळीस वर्षं तो या गावचा पोस्टमन होता. पोस्ट बंद झालं तेव्हा टपाल लावायची खणांची लाकडी मांडणी भंगारात चालली होती. ती त्याने हातगाडीवर घालून इथे आणली. त्या खणांत आता पत्रांऐवजी कार्डं होती. प्रत्येक शिरगणतीतून, बाप्तिस्म्याच्या वहीतून आणि थडग्यावरून उतरवून घेतलेला एकेक माणूस. कार्ड खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा इथला एकमेव कायदा. शेजारच्या गावची एक मास्तरीण नक्कल काढायला म्हणून एक कार्ड घेऊन गेली, तेव्हा हा गृहस्थ भर वाऱ्यात तीन मैल तिच्या मागे चालत गेला होता.

आणि एका बाबतीत त्याला गर्व होता, तो लपवायची त्याला कधी गरजही वाटली नाही. एक्केचाळीस वर्षांत त्याने एकही पत्र चुकीच्या घरात टाकलं नव्हतं. हे ऐकायला सोपं आहे. पोर्टगार्व्हीत निम्मं गाव पिरी आणि उरलेलं स्लेटर. एका वेळी सात सात अलेक्झांडर पिरी नांदलेले. म्हणून प्रत्येक घराला आणखी एक नाव असे. कोस्टी, डोसी, बुलर. ते कोणी ठेवलं आणि का, हे देवालाच ठाऊक. पण ते बापाकडून मुलाकडे होडीसारखं वारसाने जाई. शिरगणतीचे सरकारी कारकूनसुद्धा शेवटी शहाणे झाले आणि आडनावापुढे कंस करून ते नाव लिहू लागले. सँडी पोस्टमन होता तेव्हा पत्रावर नुसतं 'कोस्टी' लिहिलं तरी पोचत होतं. आता अर्धी घरं उन्हाळ्यापुरती येणाऱ्यांची झाली होती. दारांवर 'समुद्रदर्शन' वगैरे पाट्या, आणि आत कोण राहतं ते शेजाऱ्यालाही माहीत नाही. सँडी हा शेवटचा डोसी. त्याला मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

खिडकीपाशी जीम्स पिरी बटरी, म्हणजे इकडचा लोण्याचा खारट पाव, खात बसला होता. हा कोस्टी. वय एक्क्याऐंशी, पन्नास वर्षं समुद्रावर काढलेली. दर गुरुवारी तो सँडीला मदत करायला म्हणून येई आणि चहा पिऊन जाई.

मार्जरी स्लेटरचं नाव निघाल्याबरोबर सँडीने कोस्टींच्या खणातून कार्ड काढून ठेवलं होतं, आणि जीम्सचं चावणं थांबलं होतं. गोष्ट गावाला पाठच होती. मार्जरीचं पोर अलेक्झांडर पिरी कोस्टीचं. हा जीम्सच्या आजोबांचा थोरला भाऊ. १८८८ च्या डिसेंबरात वादळात बुडाला. वसंतात त्याचं लग्न ठरलं होतं. मार्जरीचं प्रकरण कानावर आल्यावर ती नवरी मुलगी ॲबर्डीनला निघून गेली आणि पुन्हा दिसली नाही. बुडालेल्या भावाचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं ही रीत, पण कोस्टींनी ते कुणालाच दिलं नाही.

"घरात ते नावच काढायचं नाही," जीम्स रेविनला म्हणाला. "माझ्या आजीनं त्याचा फोटोसुद्धा चुलीत घातला. तेव्हा बाई, तुमच्या आजोबांचा बाप कसा दिसत होता ते काही मला सांगता यायचं नाही. पोहायला बरा नव्हता, एवढं खरं."

रेविन हसली, मग आपण हसलो याचं तिला वाईट वाटलं. जीम्सनेच तिला बटरी पुढे करून ती अडचण सोडवली.

सँडीने वाचायला सुरुवात केली. त्या काळी लग्नाआधी पोटुशी राहिलेल्या मुलीला चर्चच्या पंचांपुढे उभं राहावं लागे. ऑक्टोबर १८८८. मार्जरी स्लेटर, वय एकोणीस, हजर. अपराध कबूल. बापाचं नाव विचारता अलेक्झांडर पिरी असं सांगितलं. पुढे कंस नाही. पाद्री दक्षिणेकडून नवा आलेला होता आणि असली गावंढळ नावं चर्चच्या वहीत घालणं त्याला पसंत नसावं. सात अलेक्झांडरांच्या गावात नुसतं अलेक्झांडर पिरी लिहिणं म्हणजे पत्ता न घालता पत्र पेटीत टाकणं. सँडीने नाक मुरडलं आणि पान उलटलं.

जानेवारी १८८९. अलेक्झांडर पिरी, यार्मथच्या मासेमारीच्या हंगामावरून परत आल्यावर, पंचांपुढे हजर. आरोप नाकबूल. मुलीने सांगितलेला इसम आपण नव्हे, त्याच नावाचा दुसरा, जो मागील महिन्यात बुडाला, तो असावा असं म्हणणं.

पुढची ओळ सँडीने आधी डोळ्यांनी वाचली आणि मग तोंडाने.

"एका पंचाने साक्ष दिली, की मयताला सदर मुलीबरोबर धक्क्यावर आपण स्वतः पाहिलं आहे. पंचांचं समाधान झालं. प्रकरण बंद."

आणि त्याने कागद पालथा घातला. वहीत 'एका पंचाने' असं नव्हतं. तिथे नाव होतं, पंच गिल्बर्ट पिरी, सदर इसमाचे वडील. सँडीचे पणजोबा. नाकबूल करणारा अलेक्झांडर म्हणजे त्यांचा मुलगा, सँडीचा आजा. लेकाच्या बाजूने बापाने साक्ष द्यावी, हे काही शोभेसं नव्हतं. परक्या बाईपुढे, त्यातून जीम्सपुढे, ते कशाला वाचा, एवढंच त्याच्या मनात आलं. अजून तरी तेवढंच.

"मुलीला पुन्हा बोलावलं नाही?" रेविनने विचारलं.

नव्हतं बोलावलं. सँडीने मान हलवली. कोणता अलेक्झांडर, एवढं विचारायला मार्जरीला कुणी दोन आळ्या पलीकडून बोलावलं नव्हतं.

रेविनने वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून ती म्हणाली, "एक राहिलंच. बाबा सारखं म्हणायचे, आमच्यात गिल्बर्ट हे नाव आलं कुठून? मी वाचलं, तुमच्याकडे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात. या कोस्टीच्या बापाचं नाव गिल्बर्ट होतं का?"

"विल्यम," जीम्स म्हणाला. "आमच्यात सगळे विल्यम नाहीतर जेम्स." एवढं बोलून तो थांबला. बटरीचा राहिलेला तुकडा त्याने ताटलीत ठेवला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर बंदर होतं आणि बंदरात एकही होडी नव्हती.

सँडीच्या पुढ्यात त्याच्याच अक्षरातलं कार्ड होतं. '१८९१ शिरगणती. कुटुंबप्रमुख जॉन स्लेटर. मुलगी मार्जरी, मासे साफ करणारी. नातू गिल्बर्ट, वय २.' वीस वर्षांपूर्वी त्याने ते लिहिलं होतं आणि गावाच्या सांगीवरून कोस्टींच्या खणात टाकलं होतं. मुलीच्या बापाचं नाव जॉन. कोस्टीच्या बापाचं विल्यम. १८८१ च्या शिरगणतीत सगळ्या पोर्टगार्व्हीत गिल्बर्ट एकच, आणि तो पुढच्या बाकावर बसणारा पंच. हे सगळं सँडीला तोंडपाठ होतं. माणसाला दिसायचं नसलं की डोळ्यांसमोरचंही दिसत नाही.

त्याला आजोबा आठवले. तो दहा वर्षांचा असताना वारलेले, अंगाला डांबराचा आणि पेपरमिंटचा वास येणारे आजोबा. सँडीच्या बापाचं नावही गिल्बर्ट, रीतीप्रमाणे. पण आजोबा त्याला कधी नुसतं गिल्बर्ट म्हणत नसत. "आपला गिल्बर्ट आला का रे धक्क्यावरून?" "आपल्या गिल्बर्टला म्हणावं, चहा झाला." तेव्हा गावात दुसरा गिल्बर्ट नव्हता. मग 'आपला' कशाला, असा प्रश्न लहानपणी सँडीला पडला नाही, आणि मोठेपणी पडायचं काही कारण राहिलं नाही. त्या हाकेची त्याला अजून आठवण येई. ती इतकी मायेची होती.

दोघे गिल्बर्ट होते. थोरला समुद्रापलीकडे.

स्लेटरांकडचं नाव असेल कुठलं तरी, एवढं म्हटलं असतं तर बाई समाधानाने चारच्या बसने गेली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. पणजोबांचा फोटो चर्चच्या भिंतीवर तसाच राहिला असता. सँडी मेल्यावर डोसींचा खण आपोआप बंद झाला असता, अब्रूसकट. ज्याला हे कळलं असतं तो जीम्स, आणि जीम्स काही बोलणार नव्हता. पोस्टमनकीची एक्केचाळीस वर्षं सँडीला त्या वेळी नकोशी झाली. हातात दुसऱ्याचं पत्र आहे हे कळल्यावर ते खिशात घालून घरी जाणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि या वयात नवीन काही शिकणं कठीण असतं.

"बाई, मघाशी मी एक नाव गिळलं," तो म्हणाला.

त्याने कागद उलटा केला आणि ती ओळ पुन्हा वाचली, पंच गिल्बर्ट पिरीच्या नावासकट. मग दोघांना ऐकू जाईल असं त्याने सांगितलं, की हे माझे पणजोबा, आणि नाकबूल करणारा तो माझा आजा. मार्जरीला पंचांनी पुन्हा विचारलं नाही. तिला बोलायची एकच जागा उरली होती. मार्चमध्ये मूल झालं. भर रविवारी ती ते घेऊन चर्चमध्ये उभी राहिली, गिल्बर्ट पिरी समोरच्या बाकावर बसलेला असताना, आणि पाद्र्याने नाव विचारलं तेव्हा तिने त्याचंच नाव सांगितलं. पाद्री बाहेरचा, त्याला काय कळणार. गावाला कळलं असणार. सगळ्यांना कळलं असणार आणि सगळे गप्प बसले, कारण बुडालेला काही उलटून बोलत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती एकशे पंचवीस वर्षं.

खाली कुणीतरी दार लावलं.

"माझी आजी मरेपर्यंत स्लेटरांच्या दारावरून गेली नाही," जीम्स म्हणाला. "पाण्याला जायची ती टेकडीवरून फिरून. गुडघे गेले होते तिचे. तरी वरनंच."

"मला वीस वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं, जीम्स. कार्ड मीच लिहिलं."

"तू लिहिलंस फक्त. लावलं गावानं." जीम्सने खिडकीकडूनच हे म्हटलं. मग जरा वेळाने म्हणाला, "तुझा आजा मला पेपरमिंटच्या गोळ्या द्यायचा. मूठभर. दुसऱ्या कुठल्या पोराला नाही द्यायचा इतक्या. मला वाटायचं, मी आवडतो त्याला."

रेविन दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. आपण विचारलेला प्रश्न इतका महाग पडेल याची तिला कल्पना नव्हती. अखेर तिने हळूच विचारलं, "मग तुम्ही माझे कोण लागता?"

सँडीने बोटांवर हिशेब केला, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी करत आला होता तसा. "तुझा आजा आणि माझा बाप भाऊ. आई वेगळी. म्हणजे मी तुझ्या वडिलांचा चुलतभाऊ. तुझा काका लागतो, पोरी. उशीर झाला जरा."

त्याने पेन्सिल घेतली. कार्डावर गिल्बर्ट स्लेटरच्या नावापुढे कंस केला आणि आत 'डोसी' असं लिहिलं. मग एक कोरं कार्ड घेऊन त्यावर रेविनचं नाव घातलं आणि पुढे तोच कंस. दोन्ही कार्डं त्याने डोसींच्या खणात लावली, आजोबांच्या कार्डाच्या मागे, आपल्या स्वतःच्या कार्डाच्या शेजारी. आपलं कार्ड त्याने बरीच वर्षं आधी लिहून ठेवलं होतं, मागून कोणी लिहिणारं नाही म्हणून.

चार वाजत आले होते. रेविनने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बस चुकली तर चुकू दे, असं ती म्हणाली. सँडीने केटली पुन्हा चढवली.

पाठमोरा असताना त्याला मांडणीची लाकडी फळी करकरल्याचं ऐकू आलं. जीम्स उठून कोस्टींच्या खणापाशी गेला होता. त्याने एक कार्ड काढलं, हात लांब करून वाचलं. अलेक्झांडर पिरी (कोस्टी), जन्म १८६४, बुडाला डिसेंबर १८८८. मग ते कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवलं, वरून बटण लावलं आणि टोपी घातली.

केटलीच्या चकचकीत तोटीत सँडीला मागचं सगळं दिसत होतं. तो पाणी उकळेपर्यंत तसाच पाठमोरा उभा राहिला.