उतरल्याचा फोन

“आधी वाऱ्याकडे बघायचं, मग विमानाकडे. घराकडे तर बघायचंच नाही.”

विमान शिकवणाऱ्या अंजली मॅडमचं हे बोलणं मनालीने पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगितलं होतं. तिची आई मोहिनीताई हसल्या होत्या. घराकडे न बघून कसं चालेल बाई?

त्यांनी तर तेव्हापासून नेमच धरला होता. लेक उडणार त्या दिवशी ती उतरल्याचा फोन येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. देवापाशी जप करत बसायचं. गंगापूर रोडच्या त्यांच्या सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. मनालीला मात्र ठाऊक होतं.

आज ती पहिल्यांदा एकटी उडणार होती. दुपार कलली तरी फोन नाही. शेवटी मनालीच दारात येऊन उभी राहिली, तोंड एवढंसं करून.

“उडालीस?”

“नाही. तू जेवलीस?”

“आलीस ना, आता जेवते.”

मनाली सोफ्यावर बसली. “आई, आज मी मूर्खपणाच करणार होते.”

शिकायला तिने दोन माणसांचं छोटं विमान स्वतःच निवडलं होतं. हलकं असतं, वाऱ्याची झुळूकही हाताला कळते, म्हणून. आज आडवा वारा सुटला आणि त्या विमानाला मॅडमनी नाही म्हटलं. शेजारी चार सीटचं जड विमान उभं होतं.

“त्यात एकदाच बसलेय मी, तेही मॅडमबरोबर. तरी म्हटलं, हे द्या, जमेल. त्यांनी विचारलं, एवढी घाई कसली?”

“मग?”

“म्हटलं, आई उपाशी आहे.”

मोहिनीताई तिच्या शेजारी येऊन बसल्या.

“मॅडम म्हणाल्या, माझ्या सासूबाई दोन्ही वेळा पोटभर जेवतात, वर वामकुक्षी घेतात. तरी मी नीट उतरते.”

मनाली हसली, त्यांना हसू आलं नाही. आपली भूक लेकीच्या विमानाला खालून हात देते, असं त्यांना वाटायचं. ती तर पोरीच्या मानेवर बसली होती.

“देवाला शब्द दिलाय गं.”

“मग मलाही दे. मला न उडता परत फिरता आलं पाहिजे, आई. तू वेळेवर जेवायचं. मी वर असो, खाली असो.”

त्या म्हणाल्या, “दिला.”

दोन-तीन दिवसांनी वारा पडला. मनाली सकाळीच गेली. मोहिनीताईंनी दिवा लावला, हात जोडले. “रागवायचं तर माझ्यावर रागव,” त्या हळूच म्हणाल्या.

जेवायची वेळ झाली. फोन आला नव्हता. लेक आत्ता, या घटकेला, एकटी वर असेल. जपमाळेकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला, स्वयंपाकघरात आल्या, आणि स्वतःसाठी ताट घेऊन त्यात भाजी वाढू लागल्या.