वाघरीतला मुक्काम

“लय उशीर केलास, माये. कुठं माशी शिंकली?” बिरदेवनं विचारलं.

“वाघरीत, आबा.”

म्हातारा हसला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, आणि त्याची सगळी हयात तिच्याभोवती गेलेली. पण मायाची वाघर कुपवाडच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरमध्ये होती. वजनकाट्याचा प्रोग्रॅम ती मूळ कोडवरून स्वतः बांधायची आणि चालू कामात एकदम न सोडता आधी एका वेगळ्या फोल्डरात उतरवायची. विकत घेतलेली नवी मेंढरं बाप कळपात सोडण्याआधी काही दिवस वेगळी ठेवायचा, तेच तिनं उचललं होतं. फोल्डरचं नावही ‘वाघर’. मालकांना तो इंग्रजी शब्द वाटायचा.

“मग बिघडलं काय?”

“वाघरीत झ्याक चालला. तिथनं उचलून जाग्यावर ठिवला, वाघर पुसून टाकली, तर बंद! आपल्या फायली हुडकायला त्यो अजून वाघरीकडंच पळतोय. चूक माझीच. बांधतानाच त्याला सांगायचं असतंय, घर तिकडं हाय, हितं नुसता मुक्काम. मी घाईत मुक्कामालाच घर म्हणून सांगितलं.”

“त्याचा काय दोष मग,” बिरदेव म्हणाला आणि भाकरी मोडू लागला.

गुडघे गेले म्हणून मेंढरं विकून तो दिवाळीनंतर लेकीकडे आला होता. आटपाडीकडचं घर आता कशाला ठेवायचं, असं मायाच म्हणाली होती. तो ‘व्हय’ म्हणाला होता. रविवारी गिऱ्हाईक घर बघायला यायचं होतं.

“मग नीट केलंस का त्याला?” त्यानं जरा वेळानं विचारलं.

“परत पयल्यापासनं बांधला. खरं घर सांगितलं, मग वाघरीत ठिवला. आता जाग्यावर गुमान चालतोय.”

“मला बी तसंच सांग की, माये. घर तिकडं हाय म्हणून. ऱ्हातो मी हितं, माझं काय म्हणणं न्हाई. पर त्यो पत्ता मोडू नगंस.”

बाप ‘व्हय’ म्हणाला तेव्हा तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. हात धुऊन ती बाहेर गेली आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. घर विकायचं नाही म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस चिडला, तरी तिनं परत तेच सांगितलं.

आत येऊन बघते तर बिरदेव खाटेवर पाय पसरून झोपला होता. इतके दिवस तो दाराशी, भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच डोळे मिटायचा. तिनं हळूच पंखा कमी केला.