चुंबकाला चिकटणारं स्टील

भुजंगचं पोट दुखायचं ते बद्रीनाथमुळं, आणि हे दुखणं औषधानं बरं होणारं नव्हतं. दोघं सख्खे साडू. भुजंगच्या पुष्पाबाईची धाकटी बहीण नंदाबाई बद्रीनाथला दिलेली. गाव दोघांचंही हसनाबाद. दोघं जालन्याला आयटीआयमध्ये एकाच बाकावर बसून टर्नर झाले आणि एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत समोरासमोर धातू तासायचा एकेक लेथ टाकून बसले. आता समोरासमोर दुकान म्हणजे काय, तर सकाळी शटर वर केलं की पहिलं दर्शन बद्रीनाथचं. देवाच्या फोटोचा नंबर त्यानंतर.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. तातेराव नावाचे एक कारखानदार बियाणं साफ करायची यंत्रं बनवायचे. त्यांत बोटाएवढे जाड स्टेनलेसचे दांडे लागायचे, कारण बियाण्याच्या औषधानं साधं लोखंड लगेच गंजून जायचं. हे काम ज्याच्या हातात, त्याचं दुकान बारा महिने चालणार. ते होतं बद्रीनाथकडं. भुजंगकडं काय? पंपांचे बूश आणि ट्रॅक्टरच्या पिना.

बरं, नुसतं काम असतं तरी भुजंगनं गिळलं असतं. पण हा पठ्ठ्या ते हसतखेळत करायचा. त्याच्या लेथवर कीस बारीक तुकड्यातुकड्यानं खाली पडायचा, दांडा बोट घसरावं असा गुळगुळीत निघायचा, आणि दिवस मावळायच्या आत गडी हात धुऊन घरी. याच्या हाताला काय सोनं लागलंय, म्हणून भुजंग जळायचा. घरी गेलं की पुष्पाबाई सांगायची, "नंदीकडं आज फ्रीज आला." ती आपली सहज बोलायची. पण भुजंग ताट सारून उठायचा.

एक दिवस पुष्पाबाईनं त्याला मस्तगडच्या बाजारातून पातेलं आणायला सांगितलं आणि खिशात चुंबक टाकलं. चुंबक चिकटलं तर स्टील खोटं, हे जालन्यातल्या बायांचं पक्कं ठरलेलं. निघता निघता भुजंगला समोरचं दुकान मोकळं दिसलं, बद्रीनाथ चहाला गेलेला. भुजंग आत शिरला आणि चुंबक दांड्याला लावलं. टक्कन चिकटलं.

झालं, पातेलं राहिलं बाजूला. भुजंगनं तडक तातेरावांचं ऑफिस गाठलं आणि त्यांना गल्लीत घेऊनच आला, आणि दांड्याला लावून बघायला चुंबक त्यांच्या हातात दिलं.

बद्रीनाथ गडबडला नाही. "शेठ, हे चारशे सोळा नंबरचं स्टेनलेस हाये," तो म्हणाला. "चुंबक धरतं, पण तुमच्या कामाला बराबर हाये. यात गंधक असतं, म्हणून कीस तुटून पडतो, कापायचं टूल टिकतं, अन् माल टायमावर निघतो. भांड्याचं स्टील येगळं."

"अन् गिऱ्हाइकानं चुंबक लावलं, तर ही शाळा मी घेत बसू?" तातेराव भुजंगकडं वळले. "तू बी टर्नर हायेस. हा म्हणतो ते खरं का?"

भुजंगला माहीत होतं. चारशेच्या जातीला चुंबक धरतं, हे दोघांनी एकाच मास्तरकडून ऐकलेलं. पण डोळ्यांपुढं आला तो नंदीचा फ्रीज.

"आपण तर असं कधी ऐकलं न्हाई, शेठ."

तातेरावांनी चुंबक स्वतःच्या खिशात घातलं आणि काम भुजंगला दिलं. अट एकच, चुंबक धरता कामा नये आणि मृगाच्या आत माल पाहिजे.

भुजंगनं मोठ्या ऐटीत तीनशे चारचे बार आणले. भांड्याचं स्टील ते, चुंबकाला भीक घालत नाही. पण लेथवर चढलं आणि त्यानं भुजंगचा घाम काढला. कीस तुटेचना. लांबच लांब तारेसारखा निघून दांड्याभोवती गुंडाळायचा. टूल जरा थांबलं की तेवढी जागा अशी कडक व्हायची की पुढं कापच बसत नव्हता. टुलाला धार लावता लावता हात दुखून आले, आणि दांडे मात्र खडबडीत ते खडबडीतच.

बद्रीनाथ समोरून हे बघत होता. न राहवून एकदा शटरपाशी आला. "साडूभाऊ, तीनशे तीन आणा. महाग पडंल, पण त्यात बी गंधक हाये. नीट कापतं, अन् चुंबक बी धरत न्हाई."

"तुझी अक्कल तुझ्यापाशी ठेव," भुजंग म्हणाला. सल्ला खोटा असला तर आपण फसलो, आणि खरा असला तर हा फ्रीजपुढं बसून सगळ्या सोयऱ्यांना सांगणार, साडूला मीच शिकवलं. त्यापेक्षा उपाशी मेलेलं बरं.

मृग जवळ आला. तेव्हा भुजंगनं गुपचूप काय केलं असेल? चारशे सोळाचे बार आणले. ते कसं कापतं, हे त्यानं समोर रोज बघितलेलं होतं. शेठ एवढ्यात चुंबकाचं विसरले असतील, असंही त्यानं मनाशी ठरवून टाकलं. दांडे भराभर निघाले, बद्रीनाथसारखेच गुळगुळीत. भुजंगला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

तातेराव माल बघायला आले, एक दांडा उचलला, खूश झाले. मग खिशातून चुंबक काढलं. भुजंगनंच दिलेलं. टक्कन चिकटलं.

"शेठ, हे चारशे सोळा हाये," भुजंग घाईघाईनं म्हणाला. "चुंबक धरतं, पण तुमच्या कामाला बराबर हाये. यात गंधक असतं, म्हणून..."

समोरचा लेथ बंद झाला होता. बद्रीनाथ दारात उभा राहून ऐकत होता.

"हेच तर बद्री सांगून राह्यल्ता," तातेराव म्हणाले. "तवा तू म्हणला, कधी ऐकलं न्हाई."

"ऐकल्तं, शेठ."

"मंग?"

भुजंगनं मान खाली घातली. "बद्रीचं बघवत न्हवतं."

चुंबक चिकटलेला दांडा तातेरावांनी लेथवर ठेवला आणि ते समोर गेले. गल्ली ती केवढी, तिकडचं सगळं इकडं ऐकू येत होतं.

"तीनशे तीनमधी करून देतो, शेठ," बद्रीनाथ म्हणाला. "पण मृगाआधी माझ्या एकट्याच्यानं उरकायचं न्हाई. निम्मे साडूभाऊला द्या. हात चांगला हाये त्यांचा."

"बरं, तू म्हणतोस तर दिले," तातेराव म्हणाले.

हे ऐकून भुजंगला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. काम बद्रीचं, फ्रीज बद्रीचा, आणि आता मोठं मनही त्याच्याच दारात. पोटात पुन्हा तिथंच दुखायला लागलं. भुजंगनं दांड्यावरचं चुंबक ओढून काढलं, खिशात टाकलं, आणि फडकं घेऊन तीनशे तीनसाठी लेथ पुसायला लागला.