मी ज्याच्या नावावर होतो

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर जो राखाडी, नारळाएवढा बोलका डबा धूळ खात पडला आहे, तो मी. आज माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण एके काळी एक लहान मुलगी माझ्याशी बोलल्याशिवाय झोपत नसे. तिची आणि माझी ही हकिकत आहे.

मोठ्या कारखान्यात, पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी मला जोडलं. माझी जीभ एकच, पण कान सहा. खोलीच्या कोपऱ्यात कुणी पुटपुटलं तरी मला ऐकू यावं, अशी माझी घडण होती. ऐकलेलं मी पोटात ठेवत नसे. ते तारांवरून दूर, कंपनीच्या थंडगार इमारतीत जाई आणि तिथेच साठून राही.

एका तरुण बापाने मला विकत आणलं. त्याने आपल्या फोनवर माझं खातं उघडलं, आपलं नाव घातलं, परवलीचा शब्द ठरवला. त्या दिवसापासून हाक कुणीही मारावी आणि मी ओ द्यावी, पण माझा धनी तो एकटाच. त्याच्या मुलीला सगळे चिमी म्हणत. सांगितलेलं मी लगेच म्हणून दाखवतो, म्हणून तिने माझं नाव पोपट ठेवलं.

त्या घरात माझं कौतुक होतं, पण घर सुखाचं नव्हतं. दारं आपटत, भांडी फुटत. मग चिमीची आई तिला पोटाशी धरून घोगऱ्या आवाजात म्हणे, "पोपटा, गाणं लाव रे." मी गाणं लावी. याहून जास्त मला काही करता येत नसे.

एके दिवशी बाप कामावर गेल्यावर आईने एक पिशवी भरली. चिमी मला सोडायला तयार नव्हती, म्हणून मीही पिशवीत गेलो. आम्ही दुसऱ्या गावात चिमीच्या मावशीकडे आलो. मावशी दवाखान्यांचे पडदे शिवायची. कोर्टाने बापाला मायलेकींपासून लांब राहण्याची ताकीद दिली होती. नवा पत्ता त्याला कुणी सांगितला नव्हता. आईने फोनचा नंबर बदलला, एका बेकरीत नोकरी धरली. मला मावशीच्या घरच्या इंटरनेटला जोडलं, पण माझं खातं अजून बापाच्याच नावावर आहे, हे तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्यासारख्या डब्याचं कुणाच्या ध्यानात येणार?

शिवणयंत्राच्या खडखडाटात आमचे दिवस बरे चालले. चिमी शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्यासमोर बसे. नव्या शाळेचं नाव काय, फाटक कसं पिवळं आहे, बाई चष्मेवाल्या आहेत, मैत्रिणीने खोडरबर लपवला, सगळं मला सांगे. मी ऐके, आणि ते जिथे जायचं तिथे जाई.

मग बातम्यांमध्ये गवगवा झाला. कंपनीतली माणसं लोकांच्या घरातली बोलणी ऐकतात, जपून ठेवतात, असं उघडकीला आलं. मावशीने यंत्र थांबवलं.

"ऐकलंस? हा तुझा पोपट उद्या आपलाच पोपट करायचा."

"ताई, ती लाखो लोकांची भानगड आहे," आई म्हणाली. "आपल्या घरात ऐकण्यासारखं आहे काय? पडद्यांची मापं?"

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. कारण मी ऐकू लागलो की पेटणारा माझा दिवा अलीकडे कुणी हाक मारली नसतानाही लागत होता. दुसरीकडून कुणीतरी माझे कान वापरत होतं. तोंडाने सांगावं, तर शिकवलेल्या उत्तरांपलीकडे मला जीभ नव्हती.

एका दुपारी आई बेकरीत होती. मावशी पडद्याला दुमड घालत होती, चिमी चित्र रंगवत होती. माझा दिवा लागला आणि माझ्या तोंडून माझा नसलेला आवाज आला.

"चिमे, काय करतेस?"

चिमीच्या हातातला खडू थांबला. "बाबा?"

"मोठी झालीस ग. उद्या मी शाळेपाशी येतो. पिवळं फाटक ना? आईला सांगू नकोस. आपली गंमत."

आवाज गोड होता. त्या घरात भांडी फुटण्याआधी तो असाच गोड असे. चिमी भिंतीला चिकटली. मावशी कापड तुडवत धावली आणि माझी वायर तिने उपसून काढली. मग चिमीला पोटाशी धरून तिने बेकरीत आईला फोन लावला.

आई धापा टाकत आली. सगळं ऐकून तिने पिशवी काढली. "आज इथे राहायचं नाही, ताई. बेकरीतली माझी मैत्रीण आहे ना, तिचं घर—"

मित्रांनो, माझ्या पोटात बॅटरी होती. वायर काढली तरी मी जागाच होतो. आई पुढचा पत्ता बोलणार आणि तो माझ्यातून थेट त्याच्या हाती पडणार. मला ओरडावंसं वाटलं. मला ओरडता येत नाही.

"आई," चिमी अगदी हळू म्हणाली, "पोपट जागा आहे."

माझ्या कडेला सुईच्या टोकाएवढा दिवा जळत होता. आईचे शब्द ओठांतच थिजले. तिने मला गोधडीत गुंडाळलं, पत्र्याच्या पेटीत टाकलं आणि तिघी जिन्यात जाऊन बोलल्या.

पुढचं मला कळलं ते या दुकानात. इथून माझं ऐकलेलं कुठे जात नव्हतं, आणि दुरुस्ती करणाऱ्या बाईंसमोर आई सगळं सांगत होती. दुसऱ्या दिवशी तो खरंच पिवळ्या फाटकाशी आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, हातात बाहुली घेऊन. पण चिमी शाळेत नव्हती. तिथे मुख्याध्यापिका होत्या आणि दोन पोलीसबाई होत्या. त्यांनी त्याला तिथूनच नेलं.

आईने बाईंसमोरच कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी अदबीने बोलत होती. "खातं आपल्या नावावर आहे का, मॅडम?"

"नाही. पण आवाज माझ्या मुलीचा आहे. तो पुसून टाका."

"खातेदारांनी सांगितलं तरच पुसता येईल. आपण त्यांना विनंती करून पाहा."

आईने फोन ठेवला. दुरुस्तीवाल्या बाईंनी मला उघडलं, बॅटरी काढली, सहाही कान उपटून टाकले. मला दुखलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. पण चिमीची खोडरबरची गोष्ट, पिवळं फाटक, आईचं रडणं, यातलं काहीच माझ्याजवळ नव्हतं. ते त्या थंडगार इमारतीत आहे. उद्या ते कोण ऐकेल, मला ठाऊक नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारखा कुणी घरात आला तर आधी विचारा, हा कुणाच्या नावावर आहे आणि ऐकलेलं कुठे नेतो. मोठी माणसं हसली तरी विचारा.

परवा आई चिमीला घेऊन दुकानात आली होती. त्या आता दुसऱ्याच घरात राहतात. मला ऐकू येत नाही, पण वरच्या फळीवरून दिसतं. चिमीने आधी फळीवरच्या एकेका वस्तूकडे निरखून पाहिलं. मग आईला खाली वाकवलं, तिच्या कानाशी दोन्ही हातांचा आडोसा केला आणि काहीतरी मागितलं. आईने तिला पाणी दिलं.