सहा मिनिटांची घंटी

मित्रांनो, डोक्यावर बोटाने दाबले की मी एकदाच, खणखणीत वाजते. मी टेबलावरची पितळी घंटी. कारखान्यातून निघाले ती थेट शिक्षक घडवणाऱ्या एका कॉलेजात आले.

होणारे शिक्षक खऱ्या शाळेत जाण्याआधी इथे एकमेकांनाच शिकवत. एकजण शिक्षक, बाकीचे विद्यार्थी. चाळिशीला टेकलेली माणसेही बाकावर बसून चौथीतली होत. पाठ सहा मिनिटांचा. वेळ संपली की प्राध्यापक मॅडम मला दाबत. ही कधी चुकायची नाही, असे त्या पाहुण्यांना सांगत आणि मी फुलून जाई.

कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा, हे मंडळी आधीच जिन्यात ठरवून येत. त्यामुळे कुणाचेच उत्तर चुकत नसे.

एकदा वर्गातली सर्वांत लहान मुलगी अपूर्णांक शिकवत होती. तिला सगळे धाकटी म्हणत. पाचव्या मिनिटाला, ठरलेले नसताना, काकांनी हात वर केला. काका वर्गात वयाने सर्वांत मोठे.

"बाई, आठ तर चारपेक्षा मोठे. मग एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा लहान कसा?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांना खरेच कळले नव्हते, आणि पुढच्या महिन्यात त्यांना शाळेत हेच शिकवायचे होते.

धाकटीने पाठाची आखणी लिहिलेले टाचण मिटले. कोरा कागद घेऊन ती काकांच्या बाकाशी गेली. एक घडी घातली. दुसरी घातली. तिसरी घालायला कागद काकांच्या हातात दिला, आणि मी वाजले.

मॅडमनी शेरा लिहिला: वेळेचे भान नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीने तोच पाठ सहा मिनिटांत संपवून पैकीच्या पैकी गुण मिळवले. काकांनी हात खालीच ठेवला.

महिन्याभराने काका शाळेतून परतले. पाठ कसा झाला, असे धाकटीने विचारले.

"एका पोरीने माझाच प्रश्न विचारला गं."

"मग?"

"म्हटलं, पाठ करून टाक."



आता वेळ मोबाइलवर लावतात. मी कपाटात, खडूंच्या तुकड्यांत पडून आहे. माझी स्प्रिंग गंजली, त्याचे दुःख नाही. त्या दिवशी ती अडकली नाही, याचे आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणाच्या तरी बोटाखाली अशी घंटी येईल. दाबण्याआधी एकदा बाकांकडे बघा. कुणी मनापासून विचारत असेल, तर तेवढे थांबा.